लोहारशाळा, वऱ्हाडातील
वऱ्हाडच्या गावगाड्यातील लोहार या बलुतेदाराचे कामाचे ठिकाण. भाता, ऐरण, घण व सांडशी ही तेथील मुख्य साधने. वखराची पास, नांगराचा फाळ, विळे व बैलगाडीच्या चाकांच्या धावा येथे घडत. मोबदला बहुधा धान्यरूपाने मिळे. विदर्भातील लोहव्यवसाय प्राचीन आहे. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे १९७८–८० मधील उत्खननात लोखंड गाळण्याच्या, इ. स. पू. सुमारे ७०० मधील भट्टीचे अवशेष सापडले. गावोगावच्या लोहारशाळांचे अवशेष मात्र क्वचितच उरतात; कारण झिजलेले अवजार पुन्हा तापवून त्यातून नवे घडविले जाई. कारखान्यांतील अवजारे व ट्रॅक्टर यांमुळे हे काम घटले. पात्याचा रंग पाहून पाणी देण्याचे कसब कारागिराबरोबरच लोपते. म्हणून साधनांइतकेच या कृतींचे व त्यांच्या परिभाषेचे जतन आवश्यक ठरते.