प्रेमकथा, मराठी लघुकथेतील
तरुण स्त्रीपुरुषांमध्ये प्रीती उत्पन्न होणे, तीत विघ्न येणे आणि त्या विघ्नाचा परिहार होऊन वा न होऊन कथेचा शेवट होणे, एवढ्या सूत्रावर उभारलेली लहान कथा. मराठीत हा प्रकार मासिकांच्या आश्रयाने वाढला. त्याचा भर साधारणतः १९१० ते १९५० ह्या चाळीस वर्षांत होता. ह्या कथांतील व्यक्तिनमुने व प्रसंगांचे संकेत अनेकदा उपहासाचा विषय झाले आहेत. परंतु ते कोणत्या अडचणीतून निर्माण झाले हे पाहिल्याशिवाय त्यांचा उलगडा होत नाही.

ही अडचण सामाजिक होती. विवाह वडीलधाऱ्यांनी ठरवावयाचा आणि तोही मुलगी अजाण असताना, अशी रूढी असलेल्या समाजात विवाहपूर्व प्रेमाची कथा लिहावयाची कोणाविषयी, हा लेखकापुढील पहिला प्रश्न होता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तेव्हाही महाराष्ट्रात मोठे वादळ उठले होते. त्यामुळे हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) ह्यांच्या करमणूक (१८९०) पत्रातील स्फुट गोष्टींत प्रेम आहे ते मुख्यतः विवाहोत्तर, किंवा बालविधवेच्या दुःखाच्या रूपाने नाकारले गेलेले. प्रौढ वयाची अविवाहित, सुशिक्षित नायिका कथेत येण्यास मुलींच्या शाळा आणि पुढे महाविद्यालये ह्यांची वाट पाहावी लागली. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने (सारडा कायदा) मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले. कथेतील नायिका मात्र त्याच्या कितीतरी आधीच सोळा-अठरा वर्षांची झाली होती. ह्या बाबतीत कथा समाजाच्या पुढे धावत होती, असे म्हणता येते.

काशीनाथ रघुनाथ मित्र ह्यांनी १८९५ मध्ये सुरू केलेल्या मासिक मनोरंजनाने एकाच अंकात पुरी होणारी ‘संपूर्ण गोष्ट’ रूढ केली. तिचे प्रमुख शिल्पकार वि. सी. गुर्जर (१८८५–१९६२) हे होत. त्यांनी बंगाली कथाकार प्रभातकुमार मुखोपाध्याय (१८७३–१९३२) ह्यांच्या कथा मराठीत रूपांतरित केल्या आणि त्याच वळणावर स्वतंत्र कथाही लिहिल्या. नावांचा घोटाळा, चुकीच्या हाती पडलेले पत्र, वेषांतर, योगायोगाने झालेली भेट आणि शेवटी सगळ्या गैरसमजांची खेळकर उकल ही ह्या कथेची सामग्री होती. ‘ज्या मुलीशी विवाह करण्याचे तरुणाने न पाहताच नाकारले, तीच त्याची अनोळखी प्रेयसी निघते’ हा ह्या काळातील सर्वांत लोकप्रिय संकेत होय. त्याची सोय उघड आहे : नायकाला स्वतः निवड केल्याचे समाधान मिळते आणि वडिलांनी ठरविलेला विवाहही मोडत नाही.

भेटीच्या जागांचा विचार केला, तर हीच सोय दिसून येते. परक्या घरात प्रवेश मिळण्यासाठी नायक बहुधा शिकवणीचा मास्तर, मित्राच्या बहिणीचा ‘दादाचा मित्र’, किंवा घरात उपचारासाठी येणारा डॉक्टर असतो. आगगाडीचा डबा, वाचनालय, महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, टेनिसचे मैदान, थंड हवेचे ठिकाण ही अन्य स्थळे. मामेबहिणीशी विवाह अनेक मराठी जातींत संमत असल्याने तीही नायिका होऊ शके. तिच्या बाबतीत तर भेटीसाठी निमित्तही शोधावे लागत नसे. पात्रेही ठराविक होती. हुशार पण गरीब विद्यार्थी, विलायतेहून परतलेला प्रतिस्पर्धी, वरवर कठोर आणि शेवटच्या पानावर विरघळणारे रावबहादूर वडील, नायिकेचे गुपित जाणणारी थट्टेखोर वहिनी व चिठ्ठ्या पोहोचविणारा धाकटा भाऊ ह्यांखेरीज कथा क्वचितच पुरी होई. ह्या गर्दीत नायिकेची आई जवळजवळ मुकी असते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

ना. सी. फडके (१८९४–१९७८) ह्यांनी ह्या सैल सामग्रीला बांधीव रूप दिले. आकर्षक प्रारंभ, गुंतागुंत, उत्कंठा, कलाटणी आणि झटकन केलेला शेवट हे कथेचे तंत्र त्यांनी स्वतः आचरले आणि प्रतिभासाधन (१९३१) ह्या ग्रंथातून ललितलेखनाच्या तंत्राचा पुरस्कारही केला. व्यवसायाने ते प्राध्यापक होते आणि त्यांच्या कथाविश्वात प्राध्यापक, चित्रकार, खेळाडू अशा सुस्थितीतील तरुणांना मोठे स्थान मिळाले. त्यांची नायिका टापटिपीची, बोलकी, किंचित मानी असते; तिच्या पातळाचा रंग आणि केसांतील फूल वाचकाला नेमके कळते, पण तिच्या घरचा खर्च कसा चालतो ते कळत नाही. तंत्र शिकता येण्याजोगे असल्याने अनुकरण करणारे पुष्कळ निघाले आणि किर्लोस्कर, रत्नाकर, यशवंत ह्यांसारख्या मासिकांच्या काळात फडकेवळणाची कथा सर्वत्र लिहिली जाऊ लागली. वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) ह्यांनी ध्येयवादी नायक व त्याग ह्यांची जोड दिली; प्रेमाचा त्याग हेच प्रेमाचे प्रमाण, असा नवा संकेत त्यातून दृढ झाला. दिवाकर कृष्ण (१९०२–१९७३) ह्यांच्या समाधि व इतर सहा गोष्टी (१९२७) मधील हळवी, अंतर्मुख व्यथा मात्र ह्या दोहोंहून वेगळी व अधिक खरी आहे.

ह्या सर्व कथांत एक मौन सातत्याने आढळते, ते जातीविषयी. नायक-नायिका प्रथमदर्शनीच एकमेकांना आवडतात आणि ती दोघे एकाच पांढरपेशा थरातील असतात. आडनावे तशी योजिलेली असल्याने प्रश्न उद्‌भवतच नाही. श्रीमंती व गरिबी हे विघ्न चालते, कारण ते शेवटी दूर करता येते. जातीचे विघ्न घेतले, तर कथा लेखकाच्या हातात राहिली नसती. बाबूराव बागूल (१९३०–२००८) ह्यांच्या जेव्हा मी जात चोरली होती (१९६३) ह्या संग्रहानंतर हे मौन निरागस मानणे कठीण झाले.

दुसरे मौन आतूनच मोडले गेले. विभावरी शिरूरकर (मालती बेडेकर, १९०५–२००१) ह्यांचा कळ्यांचे निःश्वास हा संग्रह १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा टोपणनावामागे कोण आहे ह्याविषयी कुतूहल आणि मजकुराविषयी संताप असे दोन्ही उसळले. त्यातील तरुणी शिकलेल्या व मिळवत्या आहेत, म्हणजे बाह्यतः फडक्यांच्या नायिकेच्याच बहिणी. परंतु त्यांच्या मिळकतीवर घर चालत असल्याने त्यांचा विवाह लांबणीवर पडतो आणि प्रीतीची इच्छा मनातच विझते. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ ह्या कथेच्या शीर्षकातच प्रेमकथेतील विरघळणाऱ्या वडिलांना दिलेले उत्तर आहे. प्रेमकथेच्या संकेतांवरील ही पहिली खरी टीका एका कथालेखिकेने केली, समीक्षकांनी नव्हे.

१९४५ नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर ह्यांच्या नवकथेने कथानकाचे प्राबल्य झुगारले. गोखल्यांच्या कथांत स्त्रीपुरुषसंबंध केंद्रस्थानी असले, तरी उकल होत नाही. उरते ते मनाचे गूढ. प्रतिष्ठित वाङ्मयातून बाहेर पडलेली जुनी प्रेमकथा नाहीशी मात्र झाली नाही. दिवाळी अंक, मेनका (१९६०) व माहेर (१९६२) ह्यांसारखी मासिके आणि भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये ह्यांत तिला मोठा वाचकवर्ग लाभला.

ह्या लोकप्रिय कथेवर न्यायालयीन प्रसंगही ओढवला. रंभा ह्या नियतकालिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर ह्यांच्या ‘शामा’ ह्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. एका कवीच्या आयुष्यात आलेल्या स्त्रियांची ही कथा. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये तो निर्णय रद्द केला आणि काही परिच्छेद सुटे न काढता कृती समग्रपणे पाहिली पाहिजे, ही भूमिका घेतली. कथेचा वाङ्मयीन दर्जा उच्च आहे असा न्यायालयाचा दावा नव्हता. सामान्य प्रतीच्या प्रेमकथेलाही हे संरक्षण मिळाले, ह्यातच निर्णयाचे महत्त्व आहे.

गौरी देशपांडे (१९४२–२००३) ह्यांच्या एकेक पान गळावया (१९८०) मधील दीर्घकथांत नायिका प्रौढ, अनुभवी व निर्णय स्वतः घेणारी आहे. तिला घरात प्रवेश मिळवून देणाऱ्या मास्तराची गरज नाही आणि कथा विवाहाशी थांबतही नाही.