गार झाली की चालते

विरार फाट्यावरून चंदनसारमार्गे स्टेशनकडे येताना गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये माझी गाडी पहिल्यांदा बंद पडली. धक्का नाही, आवाज नाही, डॅशबोर्डवर आधी कुठला दिवाही नाही. मागून डंपर हॉर्न मारत होता, शेजारी आई बसली होती. पंधरा-वीस मिनिटं कडेला उभं राहिल्यावर किल्ली फिरवली तर एका झटक्यात चालू. पुढे हे दर आठ-दहा दिवसांनी होऊ लागलं. सर्व्हिस सेंटरला नेली की गाडी शहाण्या मुलासारखी वागायची. स्कॅनर लावायचे, ‘कोड काही येत नाही’ म्हणायचे, कधी प्लग बदलायचे, कधी फ्युएल फिल्टर. तिसऱ्या खेपेला जॉबकार्डावर ‘दोष आढळला नाही’ असं छापून आलं. तिथल्या पोराने अदबीनेच विचारलं, ‘मॅडम, क्लच नीट दाबता ना?’

त्या प्रश्नाचा राग मला अजून आहे. पण त्या रागापायी मी या दुखण्याचा इतिहास वाचायला घेतला, आणि कळलं की हा प्रश्न शंभर वर्षं विचारला जातोय.

मोटारीला मधूनच बंद पडायची सवय लागली ती ठिणगी विजेवर आली तेव्हापासून. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ मध्ये डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज ही कंपनी काढली. त्यांची बॅटरीवर चालणारी इग्निशन कॅडिलॅक गाड्यांना बसली आणि १९१२ मध्ये त्याच गाडीला केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर आला. कंपनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून झालं ‘डेल्को’. आपल्याकडचे जुने मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला आजही डेल्कोच म्हणतात, आणि त्यांना ते कंपनीचं नाव आहे हे माहीत असायचं कारण नाही. तशीच गोष्ट ‘एसी पंपा’ची. इंजिनाला चिकटून बसणाऱ्या त्या जुन्या पेट्रोल पंपाचा थंड हवेशी काही संबंध नाही. एसी म्हणजे अल्बर्ट चॅम्पियन, सायकलच्या शर्यती मारणारा एक फ्रेंच माणूस. त्याने अमेरिकेत काढलेला स्पार्क प्लगचा कारखाना पुढे जनरल मोटर्सकडे गेला. आपल्या गॅरेजच्या भाषेत अशी बरीच माणसं पुरलेली आहेत.

केटरिंगच्या रचनेत एक छोटा पॉइंट उघडमीट करायचा आणि प्रत्येक वेळी कॉइलमधून ठिणगी निघायची. पॉइंट जळू नये म्हणून शेजारी कंडेन्सर. हा अंगठ्याएवढा कंडेन्सर म्हणजे लबाडीचा पहिला नमुना. तापला की आत बिघडायचा, गार झाला की पूर्ववत. कॉइलचंही तेच. आतल्या बारीक तारेला चीर असेल तर उष्णतेने ती फाकते, इंजिन गप्प होतं. थोड्या वेळाने तार आक्रसते, टोकं जुळतात आणि सगळं सुरळीत.

आपल्याकडे हा धडा गिरवला गेला तो मुख्यतः फियाटवर. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकी बनावटीच्या गाड्या जोडल्या गेल्या, मग फियाट आल्या, आणि त्यातली ११०० सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचं इंजिन, कार्बुरेटर, एसी पंप, डेल्को. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी, इतकी वर्षं की टॅक्सीचं चित्र काढायला सांगितलं तर मुलं तिचीच डिकी काढायची.

उन्हाळ्यात खंडाळ्याचा घाट चढताना बॉनेट उघडून उभी असलेली फियाट पाहिलेली पिढी अजून आहे. बॉनेटखाली उष्णता कोंडली की पंपात किंवा नळीत पेट्रोल उकळायचं, त्याची वाफ व्हायची. पंप द्रव ढकलू शकतो, वाफ नुसती दाबली जाते आणि परत फुगते, त्यामुळे कार्बुरेटरपर्यंत थेंबही पोचत नाही. उपाय सगळ्यांना पाठ होता. बाटलीतल्या पाण्याने फडकं भिजवायचं आणि पंपावर ठेवायचं, तोवर डबा उघडून पुऱ्या खायच्या. त्या फडक्याकडे आपण जुगाड म्हणून हसून बघतो. खरं तर ती चाचणी होती. ओलं फडकं पंपावर ठेवून गाडी चालू झाली तर दोष पेट्रोलचा. नाही झाली तर प्लगची वायर काढून ठिणगी बघायची. कॉइलला हात लावून बघायचा, चटका बसला तर फडकं तिकडे. रस्त्याच्या कडेला, बिनयंत्राचं, पण कारणं एकेक बाजूला काढत जाणारं निदान होतं ते.

पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या सुरुवातीला थांबलं. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून गेली. कार्बुरेटर त्याआधीच गेला होता. २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले तसे इंजेक्टर आले, सेन्सर आले आणि बॉनेटखाली एक संगणक आला. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ठरावीक आकाराचं सॉकेट सक्तीचं झालं. त्यात यंत्र खुपसलं की गाडी स्वतःचा आजार सांगते. आपल्याकडेही पुढे ते आलं. माझ्या मते मधूनच बंद पडणाऱ्या गाड्यांचे हाल इथेच वाढले. यंत्र नाही म्हणालं की माणूस प्रश्न विचारायचा थांबतो.

याची सगळ्यात मोठी किंमत मोजली गेली ती अमेरिकेत, तीही दोनदा. ऐंशीच्या दशकात फोर्डने ठिणगीचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल थेट डिस्ट्रिब्युटरवर बसवलं, म्हणजे इंजिनाच्या ऐन धगीत. गाड्या चालता चालता बंद पडायच्या आणि गार झाल्या की चालायच्या. सरकारी तपास झाले आणि मिटलेही. अखेर २००० मध्ये कॅलिफोर्नियातले न्यायाधीश मायकल बॅलाची यांनी, फोर्डने हा दोष लपवला असं म्हणत, तिथल्या सतराएक लाख गाड्या परत बोलवायचा आदेश दिला. पुढच्या वर्षी प्रकरण तडजोडीने संपलं.

दुसरी गोष्ट जनरल मोटर्सची, आणि ती वाचताना माझी झोप उडाली. २००२ मध्ये त्यांच्या इंजिनिअरने किल्लीचा एक स्विच मंजूर केला. तो फिरवायला लागणारा जोर ठरलेल्या मापापेक्षा कमी होता, हे माहीत असून. स्विच पुरवणारी डेल्फी ही जनरल मोटर्सच्याच सुट्या भागांच्या विभागातून वेगळी निघालेली, म्हणजे आपल्या डेल्कोच्या भावकीतलीच. किल्लीला जड जुडगा लटकला किंवा गुडघा लागला तर स्विच आपोआप मागे सरकायचा आणि इंजिन बंद. तक्रारी २००४ पासून येत होत्या. कंपनीने त्या ‘ग्राहकाची गैरसोय’ या खात्यात टाकल्या, सुरक्षिततेच्या नाही. डीलरांना सांगितलं की किल्लीला जड वस्तू लावू नका असं गिऱ्हाइकाला सांगा. म्हणजे क्लच नीट दाबता ना, तेच.

स्विच मागे सरकला की एअरबॅगची वीजही जाते, हे त्या खात्यात कुणाला दिसलं नाही. माणसं मरत होती आणि एअरबॅग का उघडल्या नाहीत याचा तपास वेगळ्या टेबलावर चालला होता. त्यात २००६ च्या सुमारास त्या स्विचमध्ये गुपचूप सुधारणा झाली, भाग क्रमांक न बदलता. नव्या गाड्यांत दोष दिसेना, जुन्यांत दिसे, आणि कागदावर दोन्ही भाग एकच. हा घोळ सोडवला तो कंपनीबाहेरच्या माणसाने. जॉर्जियात एका तरुण परिचारिकेचा २०१० मध्ये अपघाती मृत्यू झाला. तिच्या आईवडिलांच्या वकिलाने नेमलेल्या मार्क हूड या इंजिनिअरने तिच्या गाडीतला स्विच आणि त्याच क्रमांकाचा नवा विकत आणलेला स्विच शेजारी ठेवून उघडले. नव्यातली पिन लांब होती. २०१४ च्या फेब्रुवारीत गाड्या परत बोलवायला सुरुवात झाली. भरपाई निधीने मान्य केलेले मृत्यू १२४. २०१५ मध्ये कंपनीने ९० कोटी डॉलर भरून खटला टाळला.

भारतात गाड्या परत बोलवण्याची ऐच्छिक संहिता वाहन उत्पादकांनी २०१२ मध्ये आणली. सक्तीचा अधिकार सरकारला मिळाला तो २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्यात सात वर्षांपर्यंतच्या गाड्या येतात आणि किती मालकांनी तक्रार नोंदवली यावर बरंच अवलंबून असतं. ‘दोष आढळला नाही’ असं छापलेली किती जॉबकार्डं रद्दीत जातात, त्यांची मोजदाद या हिशेबात कुठेच नाही.

माझी गाडी शेवटी पकडली चंदनसारच्याच एका गॅरेजवाल्याने. वसईचं आरटीओ तिथेच, त्यामुळे आसपास गॅरेजना तोटा नाही. हे काका उमेदवारीच्या वयात फियाट टॅक्स्यांखाली झोपलेले. स्कॅनर त्यांच्याकडेही होता, पण त्यांनी तो उचललाच नाही. आधी विचारलं, ‘ताई, गॅसवर बंद पडते की पेट्रोलवरपण?’

मी म्हटलं, दोन्हीवर.

‘मग टाकी, पंप, इंजेक्टर, गॅसकिट सगळं सोडा. बंद पडताना आरपीएमचा काटा बघितला का? गाडी गिअरमध्ये ढकलली जात असतानाच काटा धपकन शून्यावर येतो, की हळूहळू?’

मी बघितलं नव्हतं. दोन वर्षं गाडी चालवूनही त्या काट्याकडे मी घड्याळातल्या सेकंदकाट्याइतकंच लक्ष दिलं होतं. त्यांनी सांगितलं, पुढच्या वेळी तेवढंच बघा. चाकं इंजिनाला फिरवत असूनही काटा पडला तर इंजिन फिरतंय हे संगणकाला कळतच नाही, म्हणजे क्रँक सेन्सर. काटा इंजिनाबरोबर सावकाश उतरला तर दुसरीकडे शोधू.

नऊ दिवसांनी, नारंगीजवळ, काटा धपकन पडला.

काकांनी सेन्सर काढून मल्टिमीटरला लावला तर रीडिंग व्यवस्थित. मग बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणवला आणि सेन्सरवर गरम हवा सोडली. दोनेक मिनिटांत मीटरवरचा आकडा गेला. ड्रायर बंद करून त्यांनी खुंटीवरचं फडकं घेतलं, बादलीत बुडवून पिळलं आणि सेन्सरभोवती गुंडाळलं. आकडा परत आला. शेजारी उभा असलेला त्यांचा पोरगा म्हणाला, ‘अजून एकदा करा ना.’ त्यांनी अजून एकदा केलं.