एका कोळंबीचें बारसें

कोळंबी ही वस्तु कोंकणांतील घरांना परकी नाहीं. तिचें कालवण, तिचे सोडे, तिच्या लहानमोठ्या प्रकारांचीं वेगवेगळीं नांवें, हें सर्व किनाऱ्यावरच्या मुलांनाहि ठाऊक असतें. परंतु जेथें सूर्याचा प्रकाश पोहोंचत नाहीं अशा शेंकडों वाव खोलीवर तिचीं जीं भावंडें राहतात त्यांना कोळ्यांनींहि नांव दिलेलें नव्हतें. कारण तीं ज्यांत सांपडावीं असें जाळेंच कोणापाशीं नव्हतें. या अनामिक जीवांचें बारसें कसें झालें आणि त्याचा उपयोग पुढें कोणास झाला, ही हकीकत विचार करण्यासारखी आहे.

'चॅलेंजर' या इंग्रजी जहाजानें १८७२ ते १८७६ या चार वर्षांत पृथ्वीवरील महासागरांचा तळ धुंडाळला. पण अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर त्याच्या वाटेंत आले नाहींत. ही उणीव जिनें भरून काढली ती बोट आपल्या मुंबईच्या गोदींत बांधलेली होती. 'इन्व्हेस्टिगेटर' हें तिचें नांव. १८८१ सालीं ती पाण्यांत उतरली. लांकडी बांधणीची आणि बाजूंच्या चाकांनीं चालणारी ही आगबोट हिंदुस्थानच्या सागरी सर्वेक्षण खात्याची होती, आणि हें खातें १८७४ सालीं निघालेलें होतें. किनाऱ्याचे नकाशे करणें, पाण्याची खोली मोजणें आणि बुडालेल्या खडकांची नोंद ठेवणें, हें तिचें नेमून दिलेलें काम. मात्र तिच्यावर जो डॉक्टर नेमीत तो प्राणिशास्त्र जाणणारा असावा, अशी योजना होती. खलाशांचीं दुखणीं पाहावीं, आणि बोटीस सवड सांपडेल तेव्हां समुद्राचा तळ खरवडून जें मिळेल तें जतन करावें, असा त्याचा दुहेरी व्यवसाय. १८८८ ते १८९२ या काळांत ही जागा आल्फ्रेड अल्कॉक यांच्याकडे होती.

तारेच्या दोरास बांधलेलें पिशवीसारखें जाळें तळाशीं सोडावें, बोट मंद चालवून तें ओढावें आणि मग यंत्रानें वर घ्यावें, अशी ही रीत. खोली फार असली म्हणजे एका खेपेस कित्येक तास लागत, आणि जाळें फाटून आलें तर सारा श्रम चिखलांत. जें वर येई त्यांत पुष्कळदां लालभडक कोळंब्या असत. तांबडा प्रकाश पाण्याच्या वरच्याच थरांत विरून जातो. म्हणून आपणांस डोळ्यांत भरणारा हा रंग खालच्या अंधारांत काळ्यासारखाच असतो, आणि तो त्या जीवास लपवितो. मद्यार्कांत घातल्यावर तो लवकर उडून जातो. तेव्हां रंगाची टिपणी डेकवर, जाळें उघडतांच करावी लागे.

खरें बारसें मात्र कलकत्त्यास, इंडियन म्यूझियममध्यें होई. नवी जाति ठरविणें म्हणजे नवें नांव सुचविणें नव्हे. डोक्यापुढें आलेल्या करवतीवर दांते किती, ते वर किती नि खालीं किती, पायांचे सांधे कसे, शेपटाच्या कोणत्या खंडावर कांटा आहे, हें एक एक मोजून पूर्वीच्या सर्व वर्णनांशीं ताडून पाहावें लागतें. अल्कॉक यांच्यासमोर स्पेन्स बेट यांचा 'चॅलेंजर'वरील कोळंब्यांविषयींचा १८८८ सालचा मोठा ग्रंथ होता. त्यांत नसलेली अशी एक कोळंबी अंदमानच्या समुद्रांतून आली होती. शेपटाच्या तिसऱ्या खंडाच्या पाठीवर उभा राहिलेला मोठा कांटा ही तिची ठळक खूण. १९०१ सालीं प्रसिद्ध केलेल्या सूचींत अल्कॉक यांनीं तिला 'हेटरोकार्पस वुडमेसोनी' असें नांव दिलें. जेम्स वुड-मेसन हे त्या संग्रहालयाचे प्रमुख आणि या कामांतील त्यांचे सहकारी. ते १८९३ सालींच वारले होते.

या कामीं शब्दांइतकीच चित्रांची मदत झाली. 'इन्व्हेस्टिगेटर'च्या प्राण्यांचीं चित्रें काढणारे ए. सी. चौधरी व एस. सी. मंडल या बंगाली चित्रकारांचीं नांवें पानाच्या तळाशीं बारीक अक्षरांत छापलेलीं आढळतात. एकेक दांता मोजून काढलेल्या त्या रेषांवर पुढच्या अभ्यासकांनीं विसंबावें, इतक्या त्या नेमक्या आहेत.

ज्या नमुन्यावरून वर्णन केलें तो जपून ठेवावा, म्हणजे शंका येईल त्यास तो पाहतां येईल, असा शास्त्राचा दंडक आहे. कलकत्त्याचे हे संग्रह १९१६ सालीं निघालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याकडे आले. दुसऱ्या महायुद्धांत बाँबच्या भीतीनें ते काशीस हलविले, तर १९४३ सालीं तेथें वरुणा नदीस पूर येऊन त्यांची बरीच हानि झाली. समुद्रांतून एवढ्या सायासानें काढलेलें धन वरुणेनेंच बुडवावें, हा दैवाचा विचित्र खेळ! अशा वेळीं छापलेलें वर्णन हाच आधार उरतो.

हीं नांवें राज्यकर्त्यांचीं, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो अगदींच पोकळ नाहीं. हिंदी समुद्रांतील, मुंबईच्या बोटीनें काढलेल्या जीवास कलकत्त्याच्या साहेबाचें नांव मिळालें, हें खरें. पण नांव एकाचें असलें तरी वर्णन सर्वांचें असतें. १९३३-३४ सालीं 'मबाहिस' हें इजिप्तचें जहाज अरबी समुद्रांत संशोधनास निघालें. त्याचे प्रमुख सेमूर स्यूएल हे पूर्वीं याच नांवाच्या दुसऱ्या 'इन्व्हेस्टिगेटर'वर डॉक्टर होते. त्या सफरींतील कोळंब्या तपासून रमादान या अभ्यासकानें १९३८ सालीं एका तांबड्या कोळंबीस 'अरिस्टियस अल्कॉकी' हें नांव दिलें. बारसें करणाऱ्याचेंच असें बारसें झालें.

यानंतरची गोष्ट बाजाराची आहे. १९५९ च्या सुमारास केरळच्या किनाऱ्यापुढें खोल पाण्यांत कोळंबी असल्याचें अभ्यासकांनीं नोंदविलें. आणि १९९९ च्या अखेरीपासून कोल्लमच्या बाजूस यांत्रिक बोटी मोठ्या प्रमाणावर ती धरूं लागल्या. वुड-मेसन आणि अल्कॉक यांच्या नांवांच्या या कोळंब्या आतां टोपल्यांनीं बंदरांत उतरूं लागल्या. बंदरावरील शास्त्रज्ञ कोणती जाति किती आली, लहान किती, अंड्यांची किती, हें लिहून ठेवतात. ही नोंद महत्त्वाची आहे. कारण दोन्ही कोळंब्या दिसावयास सारख्याच तांबड्या असल्या, तरी त्यांचा संसार निराळा. हेटरोकार्पसची मादी अंडीं पोटाखालीं घेऊन हिंडते, म्हणून ती जाळ्यांत सांपडली कीं तिची प्रजाहि तिच्याबरोबर जाते. अरिस्टियसची मादी अंडीं पाण्यांत सोडून देते. दोहोंस 'तांबडी कोळंबी' एवढेंच म्हटलें, तर एकीचा क्षय होत असतांना दुसरीच्या भरतीमुळें तो कोणाच्या लक्षांतहि येणार नाहीं.

कोळंबीच्या करवतीवरचे दांते मोजीत बसणें हा रिकाम्या माणसाचा उद्योग, असें त्या काळीं कित्येकांना वाटलें असेल. परंतु ज्या जीवास ओळखण्याची खूण नाहीं, त्याचा जमाखर्च ठेवतां येत नाहीं. आणि ज्याचा जमाखर्च नाहीं, तो संपला तरी कोणास कळत नाहीं. अल्कॉक यांनीं ती खूण लिहिली तेव्हां त्या कोळंबीस गिऱ्हाईक नव्हतें. गिऱ्हाईक आलें तेव्हां ती खूण तयार होती.