संशयाच्या छायेतला न्यायाधीश

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की पळस्प्याच्या पुढे थोड्याच अंतरावर शिरढोण येते आणि त्यामागोमाग कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. वासुदेव बळवंत फडके १८४५ साली या शिरढोणात जन्मले. त्यांच्या बंडाची हकिकत शाळेच्या पुस्तकात असते; त्या बंडाची झळ एका न्यायाधीशालाही लागली होती, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. १८७९ च्या मे महिन्यात फडक्यांचा साथीदार दौलतराव नाईक घाट उतरून आला आणि त्याच्या टोळीने पळस्पे व चिखली येथे दरोडे घातले. त्यानंतर दोनतीन दिवसांतच, १३ मेच्या रात्री, पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटले. सरकारची नजर वळली ती प्रथम वर्ग सबजज्ज महादेव गोविंद रानडे यांच्याकडे. पुण्यातून त्यांना आदल्याच वर्षी नाशिकला हलवले होते. आता तातडीने धुळे गाठण्याचा हुकूम झाला. तिथे त्यांचे टपाल फोडले जाई. वासुदेव बळवंतांच्या नावाने लिहिलेली बनावट पत्रे त्यांना येत आणि ते ती निमूटपणे पोलिसांकडे पाठवून देत, असे त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे.

हा संशय पुराव्याच्या कसोटीवर साफ चुकीचा होता. वाड्यांच्या आगीत सापडलेला माणूस रानडे आडनावाचा निघाला खरा, पण तो सरकारी पुस्तक डेपोतला नोकर होता आणि त्याला झाकायची होती ती पैशांची अफरातफर. तरीही सरकारची भीती अगदीच खुळी होती, असे मला वाटत नाही. देश कंगाल का होत चालला आहे, इथला व्यापार कोणी आणि कसा बुडवला, यावर रानड्यांनी १८७२-७३ मध्ये पुण्यात व्याख्याने दिली. लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करणारे फडके त्या श्रोत्यांत होते. आकड्यांच्या आधाराने मांडलेले दारिद्र्याचे ते गणित एकाच्या हाती तलवार देऊन गेले, दुसऱ्याच्या हाती कायद्याचे पुस्तक राहिले. सरकारने बंडाचा सूत्रधार म्हणून नको त्या माणसावर बोट ठेवले, पण असंतोषाचा विचार कुठून निघतो हे त्याला बरोबर कळले होते. गुप्त पोलिसांना इतपत श्रेय द्यायला हरकत नसावी.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: रानड्यांनी पगार जपला आणि किंमत मोजली फडक्यांनी. फडक्यांनी मोजलेल्या किमतीशी कशाचीच तुलना होणार नाही. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले, पुण्यात सेशन्स जज्ज न्यूनहॅम यांच्यापुढे त्यांचा खटला चालला, त्यांचीच रोजनिशी त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली आणि जन्मठेपेवर त्यांना एडनला धाडले. पण एवढ्यावरून रानड्यांची नोकरी म्हणजे सुरक्षित कोपरा होता, असे ठरत नाही. निव्वळ पगारच जपायचा असता तर पुण्याची सार्वजनिक सभा या राजकीय संस्थेच्या कामातून अंग काढून घेणे सोपे होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पुढे याच सरकारने त्यांना बढत्या दिल्या, मग संशयाला एवढे महत्त्व कशाला? हायकोर्टाच्या खुर्चीकडे पाहावे. रानड्यांहून आठ वर्षांनी लहान असलेले काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८८९ साली तिथे बसले. रानड्यांची पाळी आली ती तेलंगांच्या निधनानंतर, १८९३ मध्ये. तेलंग हायकोर्टात वकिली करणारे आणि रानडे खालच्या कोर्टांतून चढत गेलेले, हा फरक विसरता येत नाही. त्यामुळे या विलंबाचे सगळे खापर संशयावर फोडणार नाही. पण विश्वास बसायला सरकारला वेळ लागला, एवढे त्यातून दिसतेच.

त्यांचे न्यायदानातले खरे काम मात्र हायकोर्टात नाही, त्याआधीच्या दशकात सापडते. ऑक्टोबर १८७९ मध्ये, म्हणजे फडके कोठडीत असताना, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. सावकाराने कर्जरोखा पुढे केला की डोळे मिटून हुकूमनामा द्यायचा, ही जुनी रीत त्याने मोडली. मूळ मुद्दल किती, व्याज किती, त्यात नवे रोखे कसे मिसळत गेले, हे न्यायाधीशाने स्वतः तपासायचे आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचे नाही, असे त्यात ठरले. या कायद्याखाली खालच्या कोर्टांच्या निकालांची तपासणी करण्याचे काम रानड्यांनी आधी साहाय्यक म्हणून आणि पुढे खास न्यायाधीश म्हणून केले. गावोगावच्या दप्तरांत त्यांना तेच दारिद्र्य भेटले, ज्यावर ते पूर्वी व्यासपीठावरून बोलत. हे काम तुटपुंजे होते, मूळ रोगावर ते औषध नव्हते, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. सारा वसूल करणारे सरकार या कायद्याच्या बाहेरच राहिले होते.

फडके १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात वारले. शिरढोण तोवर ठाणे जिल्ह्यात मोडत असे. त्याच सुमारास पनवेल तालुका कुलाब्याला जोडला गेला. शेतकऱ्यांसाठीचा तो कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चारच जिल्ह्यांना लागू होता. त्यात ठाणे नव्हते, कुलाबाही नव्हता.