बर्फावरचे वैमानिक आणि त्यांचे मेकॅनिक

शाळेच्या इतिहासात विमानाबद्दल बहुधा एकच वाक्य सापडते : १९०३ साली राइट बंधूंनी पहिले विमान उडविले. त्यानंतर विद्यार्थी एकदम महायुद्धातल्या बाँबफेकीवर येऊन पोहोचतो. परंतु पहिल्या महायुद्धानंतरच्या वीस वर्षांत कॅनडाच्या उत्तर भागात आणि अलास्कात या यंत्राकडून फार निराळे काम करून घेण्यात आले. टपाल, औषधे, शिधा, आजारी माणसे आणि खाणी शोधणारे लोक यांची ने-आण विमानाने होऊ लागली. तिकडे याला 'बुश फ्लाइंग' म्हणतात. बुश म्हणजे झाडाझुडपांचा, वस्ती नसलेला मुलूख. रस्ते नाहीत, रेल्वे नाही, विमानतळ तर नाहीच. उन्हाळ्यात विमानाला होडीसारखे तरंडे बांधून तळ्यावर उतरायचे आणि हिवाळ्यात त्याच तळ्याच्या बर्फावर घसरपट्ट्या, म्हणजे स्की, लावून उतरायचे. वसंतात बर्फ फुटू लागला आणि शरदात पाणी गोठू लागले की काही आठवडे यांपैकी काहीच चालत नसे. अशा दिवसांत घाई करणाऱ्याचे विमान सरळ पाण्याखाली जाई.

अपघात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आकाशातून कोसळणारे विमान येते. माझ्या मते या मुलखात निम्मा धोका विमान जमिनीवर उभे असतानाच सुरू होई. उणे ४० अंश थंडीची कल्पना करा. (विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे, याच एका अंकावर सेल्सिअस आणि फॅरनहाइट एक होतात.) एवढ्या थंडीत इंजिनातले तेल डांबरासारखे घट्ट होते. म्हणून संध्याकाळी उतरल्याबरोबर मेकॅनिक पहिल्याप्रथम इंजिनातले सगळे तेल डब्यात काढून घेई, मग स्वतःच्या जेवणाचे पाही. पहाटे उठून तो इंजिनावर कॅनव्हासचा तंबू टाकी, आत पेटता ब्लो लॅम्प ठेवी आणि तेलाचा डबा शेगडीवर तापवी. तास-दोन तास हे चाले. पेट्रोलच्या टाकीपासून हातभर अंतरावर उघडी ज्योत आणि भोवती कापड! मेकॅनिकची नजर क्षणभर हलली, तर पुढच्या वस्तीपर्यंत शेकडो मैल पायी जाण्याची पाळी येणार. शिवाय रात्रीत स्की बर्फाला चिकटून बसत, म्हणून त्यांच्याखाली झाडाच्या फांद्या घालून ठेवाव्या लागत. पंखांवर साचलेले हिमकण झाडून काढावे लागत, कारण त्या पातळ थरामुळेही विमान वर उचलले जात नाही.

हवेत गेल्यावर निराळ्या अडचणी. नकाशावर मोठमोठे कोरे भाग. चुंबकीय ध्रुव जवळ असल्यामुळे होकायंत्राचा भरवसा नाही. सुरुवातीच्या वर्षांत विमानात वायरलेसही नसे. ढगाळ दिवशी आभाळही पांढरे आणि जमीनही पांढरी. क्षितिज पुसले गेले की आपण किती उंचीवर आहोत हे अनुभवी वैमानिकालाही समजत नसे.

१९२१ सालची एक हकिकत सांगण्याजोगी आहे. कॅनडात मॅकेंझी नदीच्या खोऱ्यात खनिज तेल सापडले होते. तेथे लवकर पोहोचावे म्हणून इंपीरियल ऑइल कंपनीने दोन जुंकर्स विमाने पाठविली. मार्च महिन्यात फोर्ट सिम्प्सन येथे दोन्ही विमानांचा बर्फावर अपघात झाला आणि दोन्ही पंखे, म्हणजे प्रोपेलर, मोडले. नवा पंखा येणार तरी कोठून? तेव्हा विल्यम हिल हा मेकॅनिक आणि वॉल्टर जॉन्सन हा सुतार यांनी घसरगाड्यांच्या ओक लाकडाच्या फळ्या घेतल्या, मूस नावाच्या सांबरासारख्या जनावराच्या कातड्यापासून केलेल्या सरसाने त्या एकमेकींवर चिकटविल्या आणि तासून तासून पंखा तयार केला. एप्रिलमध्ये एल्मर फुलर्टन यांनी तो लावून विमान उडविले आणि त्याच पंख्यावर ते दक्षिणेला परतले. सुताराने केलेल्या पंख्यावर आपला जीव सोपविणाऱ्या वैमानिकाचे कौतुक करावे की त्या सुताराचे, याचा निर्णय मी वाचकांवर सोपवितो.

अलास्कातील बेन आयल्सन यांची कथा मला विशेष जवळची वाटते, कारण ते मूळचे शाळामास्तर. १९२२ साली ते फेअरबँक्सच्या शाळेत शिकविण्यासाठी आले आणि लवकरच खडूपेक्षा विमानात अधिक रमले. २१ फेब्रुवारी १९२४ रोजी त्यांनी फेअरबँक्सहून मॅकग्रा येथे टपाल नेले. कुत्र्यांच्या घसरगाडीला या वाटेला सुमारे तीन आठवडे लागत. आयल्सन तीन तासांच्या आत पोहोचले. परतताना मात्र अंधार पडला, वाट चुकली आणि गावकऱ्यांनी पेटविलेल्या शेकोट्यांच्या आधाराने उतरताना विमानाची मोडतोड झाली. त्या वर्षी असे आणखी अपघात झाल्यावर टपाल खात्याने तो करारच बंद केला. खात्याला दोष देता येत नाही. पण पुढच्याच जानेवारीत नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा औषध कुत्र्यांच्या गाड्यांनीच न्यावे लागले, कारण फेअरबँक्समधली विमाने हिवाळ्यासाठी सुटी करून ठेवलेली होती आणि त्यांत बसणाऱ्याला वाऱ्यापासून आडोसाही नव्हता.

१९२७ साली संशोधक ह्यूबर्ट विल्किन्स यांच्याबरोबर उडताना आयल्सन समुद्रावरच्या बर्फावर अडकले. इंजिन दुरुस्त करताना त्यांची बोटे गोठली. पुढे पेट्रोल संपल्याने विमान तेथेच सोडून दोघे दोन आठवड्यांच्या आसपास बर्फातून चालत किनाऱ्याला आले. एक करंगळी मात्र कापावी लागली. असे असूनही एप्रिल १९२८ मध्ये याच दोघांनी पॉइंट बॅरोपासून स्पिट्सबर्गेनपर्यंत, सुमारे २,२०० मैल, २० तास २० मिनिटांत पार केले. जगभर त्यांचे नाव झाले.

नोव्हेंबर १९२९ मध्ये सैबेरियाच्या किनाऱ्यावर 'नानुक' हे जहाज बर्फात अडकले. त्यावरची माणसे आणि मौल्यवान फर आणण्याचे काम आयल्सन यांनी पत्करले. ९ तारखेला दुसऱ्या फेरीसाठी ते वादळी हवेत निघाले आणि परत आले नाहीत. आर्क्टिकचा अंधारा हिवाळा सुरू झाला होता. जानेवारीच्या अखेरीस जो क्रॉसन आणि हॅरल्ड गिलम या वैमानिकांना हिमातून वर आलेला विमानाचा पंख दिसला. हिम खोदून मृतदेह शोधण्यासाठी रशियन लोकांनी मदतीचा हात दिला. त्या काळी अमेरिकेने सोव्हिएत सरकारला मान्यतासुद्धा दिलेली नव्हती, हे येथे लक्षात घ्यावे.

आयल्सन यांच्याबरोबर अर्ल बोरलंड हे मेकॅनिकही मृत्यू पावले. अलास्कात आज आयल्सन यांच्या नावाचा हवाई दलाचा तळ आहे, तेथे शेकडो लोक रोज ते नाव उच्चारतात. बोरलंड यांचे नाव पुस्तकात बहुधा एका ओळीत उरकले जाते. पहाटे उठून तेल तापविणारे हात त्यांचेच होते. आपल्याकडेही मुलगा पायलट व्हावा असे वाटणारे पालक पुष्कळ भेटतात. पाना हातात धरणारा व्हावा असे म्हणणारा क्वचितच.

त्याच १९२९ च्या सप्टेंबरमध्ये कॅनडात कर्नल मॅकअल्पाइन यांची आठ जणांची खाणशोधक तुकडी दोन विमानांसह उत्तर किनाऱ्यावर नाहीशी झाली. पेट्रोल संपत आल्यामुळे त्यांना डीज पॉइंटजवळ उतरावे लागले होते. मोठा शोध सुरू झाला. शोध घेणाऱ्या विमानांपैकीही काही मोडली, पण हरवलेली माणसे कोणाला दिसली नाहीत. इकडे ही माणसे दगडमातीच्या खोपटात दिवस काढीत होती. त्यांना जगविले ते त्या किनाऱ्यावरच्या इन्युइट कुटुंबांनी. त्यांना पूर्वी एस्किमो म्हणत. त्यांनी मासळी दिली आणि समुद्रापलीकडच्या केंब्रिज बे येथील ठाण्यावर पोहोचविण्याची तयारी दाखविली. अट एकच होती, बर्फ पक्का होईपर्यंत थांबायचे. शहरातून आलेल्या माणसांना ते थांबणे फार जड गेले. पण बर्फ ओळखणारे तेथे इन्युइटच होते. आठवड्यांमागून आठवडे गेले, शिधा आटला. अखेर समुद्र गोठला, कुत्र्यांच्या गाड्या निघाल्या आणि ३ नोव्हेंबरला आठही जण जिवंत केंब्रिज बेला पोहोचले. तेथे बर्फात थांबलेल्या एका जहाजावर वायरलेस होता. त्यावरून दक्षिणेला संदेश गेला, तेव्हा जगाला कळले की ज्यांचा शोध चालला आहे ते सर्व सुखरूप आहेत.