सुवर्ण परिमाणाचा त्याग, महामंदी आणि मावळातील शेतकरी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

१९२९ च्या जागतिक महामंदीतून सावरण्याचा वेग देशोदेशी भिन्न होता. ज्या राष्ट्रांनी सुवर्ण परिमाण लवकर सोडले ती लवकर सावरली, हे मत आज बहुतेक आर्थिक इतिहासकारांना मान्य आहे. इंग्लंडने २१ सप्टेंबर १९३१ रोजी सुवर्ण परिमाण सोडले. फ्रान्स मात्र १९३६ पर्यंत त्याला चिकटून राहिला व मंदीत रुतला. रुपयाही १९३१ मध्येच सोन्यापासून सुटला. असे असताना पानशेतसारख्या मावळी भागातील शेतकऱ्यापर्यंत या सुटकेचा लाभ का पोहोचला नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परिमाणत्यागाचे परिणाम :

सोन्याशी बांधलेल्या चलनाचा दर टिकविण्यासाठी व्याजदर चढे आणि चलनपुरवठा आखडता ठेवावा लागतो. हे बंधन सुटल्यावर निर्यातीला वाव मिळतो व व्याजदर उतरविता येतात. बँक ऑफ इंग्लंडने जून १९३२ मध्ये आपला दर २ टक्क्यांवर आणला, तो या मोकळिकीमुळेच.

रुपयाची स्थिती :

हिल्टन यंग आयोगाच्या शिफारशीनुसार १९२७ च्या कायद्याने रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठरला. चढ्या दराने शेतमालाचे भाव उतरतील, म्हणून सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी आपल्या भिन्नमतपत्रिकेत १ शिलिंग ४ पेन्सचा आग्रह धरला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर १९२३ मध्येच, विनिमय दरापेक्षा रुपयाच्या क्रयशक्तीचे स्थैर्य महत्त्वाचे असल्याचे प्रतिपादन केले होते. १९३१ मध्ये रुपया सोन्यापासून सुटला, पण त्याच जुन्या दराने स्टर्लिंगशी जखडला गेला. कलकत्त्याचा घाऊक किमतींचा निर्देशांक (१९१४ = १००) १९२९ मध्ये १४१ होता; तो १९३१ मध्ये ९६ व १९३३ मध्ये ८७ झाला. घसरणीचा वेग मंदावला, परंतु गेलेले भाव परत आले नाहीत.

सोन्याची निर्यात :

रयतवारीत सारा रोखीत ठरलेला असे; सावकाराचे देणेही रुपयांतच. भाताचा भाव निम्म्यावर आला तर तेवढ्याच साऱ्यासाठी दुप्पट भात विकावे लागे. शेजारच्या भोर संस्थानात अंमल पंतसचिवांचा असला तरी रुपया तोच होता. अशा वेळी सोन्याचा रुपयातील भाव चढला. १९३१-३२ या एकाच वर्षात सुमारे ५८ कोटी रुपयांचे सोने देशाबाहेर गेले. विकणाऱ्याला नफा होतो, असे सरकारचे म्हणणे. हे नडलेल्यांचे सोने आहे, असे टीकाकारांचे. चढ्या भावाने विकणाऱ्याच्या हाती अधिक रुपये आले, हे खरे. पण ज्याने देणी भागविण्यासाठी दागिना मोडला, त्याची पिढ्यांची पुंजी संपली. या सोन्याने लंडनमधील भारताची देणी भागली आणि स्टर्लिंगला आधार मिळाला.

निष्कर्ष :

परिमाणत्यागाने देश सावरतो तो चलन व व्याजदर ठरविण्याचा अधिकार हाती आल्यामुळे. भारताला तो अधिकार मिळाला नाही; १९३५ मध्ये स्थापन झालेल्या रिझर्व्ह बँकेवरही तोच दर सांभाळण्याचे बंधन होते. मुंबई प्रांतातील शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा १९३९ मध्ये झाला. इंग्लंडच्या सावरण्याची काही किंमत येथील घराघरांतील सोन्याने मोजली, असे म्हणणे म्हणूनच वस्तुस्थितीला धरून होईल.