घरासाठी हायब्रिड एसयूव्ही : कोणासाठी फायद्याची, कोणासाठी नाही

शोरूममध्ये आजकाल 'हायब्रिड' हा शब्द फार सहज वापरतात. पण या एकाच शब्दाखाली दोन वेगवेगळ्या प्रकारच्या गाड्या विकल्या जातात आणि त्यांच्या किमतीत लाखांचा फर्क असतो. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हाच : ही माइल्ड हायब्रिड आहे की स्ट्राँग?

माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनला फक्त थोडा हातभार लावते. सिग्नलवर इंजिन बंद होतं, पुन्हा सुरू होतं, बस एवढंच. निव्वळ विजेवर ती गाडी एक पाऊलही पुढे जात नाही. स्ट्राँग हायब्रिडचं तसं नाही. तिची मोटर एकटी चाकं फिरवू शकते. ट्रॅफिकमध्ये गाडी हळू चालत असेल तर इंजिन बराच वेळ बंदच राहतं. ब्रेक दाबल्यावर जी ताकद एरवी उष्णता होऊन वाया जाते, तिची वीज बनून बॅटरीत जमा होते. चार्जरला लावायची गरज नाही, पेट्रोल भरा आणि चालवा.

आपल्याकडे मध्यम घरांना परवडतील अशा दोन ओळखीच्या गाड्या म्हणजे मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर. दोन्ही 2022 मध्ये आल्या आणि आतून सख्ख्या बहिणी आहेत. दोन्हींत माइल्ड आणि स्ट्राँग असे दोन्ही प्रकार मिळतात, गोंधळ होतो तो इथेच. बाजारात आल्या तेव्हा कंपनीचा दावा माइल्डच्या मॅन्युअल गाडीसाठी लिटरला 21.11 किलोमीटर आणि स्ट्राँगसाठी 27.97 किलोमीटर होता. हे आकडे चाचणीतले आहेत. भिवंडीच्या नाक्यावर किंवा मुंब्र्याच्या बाजारात ते मिळतील अशी आशा ठेवू नका. 2025 मध्ये मारुतीची व्हिक्टोरिसही याच वर्गात आली. मोठ्या घरासाठी टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस आहे, तिचा दावा 23.24 चा. मारुती इनव्हिक्टो ही तिचंच दुसरं रूप.

आता हिशोब करू. समजा माइल्ड आणि स्ट्राँगमध्ये रस्त्यावर येईपर्यंत अडीच लाखांचा फर्क आहे आणि पेट्रोल 104 रुपये लिटर आहे. महिन्याला 1000 किलोमीटर, तेही बहुतेक शहरात. गर्दीत माइल्ड 13 देते आणि स्ट्राँग 21 देते असं धरा. महिन्याला साधारण 3050 रुपये वाचतात, म्हणजे वरचे अडीच लाख वसूल व्हायला सात वर्षांच्या आसपास लागतील. तेवढेच किलोमीटर हायवेवर चालवले तर 18 आणि 22 धरू. महिन्याची बचत जेमतेम 1050 रुपये होते आणि वसुलीला वीस वर्षं लागतात. आणि शहरात चालवूनही महिन्याला 400 किलोमीटरच होत असतील, तर सतरा वर्षं. जुम्म्याला मशिदीत, रविवारी बाजारात आणि सुट्टीत गावी, एवढाच वापर असलेल्या घराने स्ट्राँग हायब्रिड घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र हायब्रिडच्या बाजूने सांगायला हवी. स्ट्राँग हायब्रिड ऑटोमॅटिकच असते. तुम्हाला ऑटोमॅटिकच हवी असेल तर तुलना मॅन्युअलशी करू नका, माइल्डच्या ऑटोमॅटिकशी करा. फर्क बराच कमी निघतो. सीएनजीलाही विसरू नका. जवळ पंप असेल आणि रांगेत उभं राहायची तयारी असेल, तर रोजच्या खर्चात ती हायब्रिडला चांगली टक्कर देते.

आपल्या बऱ्याच घरांत पैशाचा मसला वेगळा असतो. व्याज टाळायचं म्हणून लोक बचत, भिशी किंवा नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना घेऊन रोख गाडी घेतात. तिथे 'हप्त्यात फक्त इतकेच जास्त' हे सेल्समनचं गणित लागूच होत नाही. अडीच लाख एकदम हातातून जातात. तेवढ्यात एखाद्या मुलाच्या डिप्लोमाची फी निघते. आणखी एक : स्वतःच्या वापराच्या गाडीवर जकात नसते, पण गाडीसाठी जमवलेल्या रकमेवर वर्ष उलटलं तर जकातीचा प्रश्न येतो. तो मुफ्ती साहेबांना विचारून घ्यावा.

जागा डोळ्यांनी बघा. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरच्या स्ट्राँग प्रकारात बॅटरी मागे असल्यामुळे डिकी माइल्डपेक्षा बरीच लहान होते. पाच जणांचं सामान, वर ईदच्या पिशव्या आणि अम्मीची व्हीलचेअर असा मामला असेल तर शोरूममध्येच व्हीलचेअर ठेवून बघा, लाजू नका. दोन्ही गाड्या पाच सीटच्याच आहेत. दादा-दादींसह सात जण असतील तर हायक्रॉसशिवाय इलाज नाही. पण तिची लांबी 4755 मिलीमीटर आणि रुंदी 1850 मिलीमीटर आहे. आधी गल्ली मोजा. दुसऱ्या बाजूने रिक्षा आली तर काय, हाही विचार करा.

गावी कोकणात जाणाऱ्यांसाठी थोडं. लांब घाट उतरताना छोटी बॅटरी लवकर भरते, मग ब्रेकची ताकद तिच्यात मावत नाही. गिअरवर 'बी' असेल तर उतारावर तो वापरावा, इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. पावसात गाडी पाण्यात बुडाली तर सुरू करून बघण्याचा मोह टाळा. नारिंगी रंगाच्या जाड वायरींमध्ये उच्च दाबाची वीज असते, ओळखीच्या गॅरेजवाल्यालाही तिथे हात घालू देऊ नका. टो करून सर्व्हिस सेंटरला न्या.

मोठ्या बॅटरीसोबत या गाड्यांत नेहमीची 12 व्होल्टची बॅटरीही असते. घरचे उमराला गेले, गाडी महिनाभर उभी राहिली, तर तीच उतरते आणि गाडी उठत नाही. आठवड्यातून एकदा कोणी तरी गाडी सुरू करून थोडं फिरवून आणावी. मोठ्या बॅटरीला थंड हवा घेण्यासाठी आत एक जाळी असते. ती कुठे आहे ते डिलिव्हरीच्या दिवशीच विचारा आणि तिच्यावर चादर किंवा पिशवी ठेवू नका.

हायब्रिड बॅटरीची वॉरंटी साधारण 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर असते, जे आधी होईल ते. जुनी गाडी घेत असाल तर सर्व्हिसची पूर्ण नोंद मागा आणि उरलेली वॉरंटी तुमच्या नावावर होणार का, हे तोंडी नाही, लेखी घ्या. टॅक्सबद्दलही ऐकीव माहितीवर जाऊ नका. उत्तर प्रदेशने 2024 मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, म्हणून तिकडच्या नातेवाइकाने सांगितलेली किंमत इकडे लागू होईलच असं नाही. आपल्या आरटीओच्या हिशोबाने ऑन-रोड किंमत कागदावर मागा, दोन वेगळ्या शोरूममधून.